एचडी घेतलं, पण फरक कुठाय?

नवा टीव्ही भिंतीवर चढतो, एचडी बॉक्स येतो, संध्याकाळी सगळं घर समोर बसतं आणि अर्ध्या तासात कोणीतरी म्हणतंच, "जुनाच बरा होता की." ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. त्या घरात त्या क्षणी एचडी दिसतच नसतं. महिन्याचे पैसे एचडीचे जातात, टीव्हीच्या कोपऱ्यावर एचडीचा स्टिकर असतो, आणि मधे कुठंतरी जुनं काहीतरी तसंच राहिलेलं असतं. कोल्हापूरला पाणी आणणारी काळम्मावाडीची पाइपलाइन केवढीही मोठी आणा, मोरीतली तोटी अर्ध्या इंचाची असेल तर धार अर्ध्या इंचाचीच पडणार.

पहिला संशय पिवळ्या पिनेवर घ्यायचा. लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकांची एव्ही वायर जुन्या टीव्हीबरोबर होती, तीच नव्याला जोडली जाते. चित्र दिसतं, आवाज येतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण पिवळ्या पिनेतून फक्त ५७६ ओळींचं चित्र जाऊ शकतं, बॉक्स कितीही भारी असला तरी. हिशोब सोपा आहे. जुन्या एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन) चित्रात ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात, फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट. पिवळी वायर त्यातले चार हिस्से दारातच ठेवते. शोरूमचा माणूस टीव्ही टांगून जातो, केबलवाला बॉक्स ठेवून जातो, मधली वायर कोणाचीच नसते.

एचडीएमआयची दीड मीटरची साधी वायर पुरते. बॉक्सच्या खोक्यात बऱ्याचदा ती असते आणि खोक्यासकट माळ्यावर गेलेली असते, आधी तिथं बघा. सोन्याचा मुलामा, दोन हजारांची वायर वगैरे काही लागत नाही. डिजिटल सिग्नल एकतर पोचतो, नाहीतर चित्रात चमकणारे ठिपके येतात किंवा पडदा काळा होतो. महाग वायरीनं रंग गडद होत नाहीत. जोडताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचं बटण बोर्डावरून बंद करा. केबलच्या लाइनीतून कधी कधी बाहेरचा करंट उतरतो, चालू असताना एचडीएमआय खुपसली की पोर्ट जळतो आणि ती दुरुस्ती थेट मदरबोर्डावर जाते. टीव्हीच्या ज्या पोर्टशेजारी एआरसी लिहिलंय तो शक्यतो मोकळा ठेवा, पुढं साउंडबार आला की लागतो.

वायर बदलूनही फरक नाही? मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. डिस्प्ले किंवा व्हिडिओ असा भाग असतो, त्यात रिझोल्यूशन. बऱ्याच ठिकाणी तिथं ५७६ असतं, कारण लावणाऱ्यानं बॉक्स आधी जुन्या वायरीवर चालवून बघितलेला असतो. ते १०८०आय करा. आपल्याकडची एचडी चॅनेल याच मापात येतात, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची ५० अर्धी चित्रं. म्हणून ५० आणि ६० हर्ट्झ असे दोन पर्याय दिसले तर ५० घ्यायचा; ६० घेतलं की बातम्यांच्या खालची पट्टी सरकताना अडखळते. काही बॉक्समध्ये १०८०पी, म्हणजे सगळ्या ओळी एकदम, असंही असतं. तेव्हा ओळी जुळवायचं काम टीव्हीऐवजी बॉक्स करतो. कोणाचं चांगलं ते डोळ्यानं ठरवा: त्याच सरकत्या पट्टीकडे बघायचं, अक्षरांच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर दुसरा पर्याय घ्यायचा. आस्पेक्ट रेशो १६:९. खात्री करायला टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो किंवा डिस्प्ले बटण दाबा, बहुतेक टीव्ही येणाऱ्या सिग्नलचं माप दाखवतात.

एवढं सगळं करून माणूस रिमोट घेतो आणि पाठ असलेला जुना नंबर दाबतो. तो एसडीचा! स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल २०१६ पासून आहेत, पण त्यांचे नंबर वेगळे असतात. घरातल्या ज्येष्ठांचा अंगठा दहा वर्षांच्या सवयीनं चालतो. त्यामुळं एचडी नंबर फेव्हरिटमध्ये टाका आणि एसडी जोडीदार पॅकमधून काढून टाका. एकाच चॅनेलचं एसडी आणि एचडी दोन्ही घेतलं तर पैसे दोन्हीचे लागतात, आणि हे बिलात सहज नजरेतून सुटतं.

आता अंतराचा मुद्दा, यावर दुकानात कोणी बोलत नाही. निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो. त्यावरून गणित मांडलं की फुल एचडीचा बारकावा पडद्याच्या उंचीच्या साधारण ३.२ पट अंतरापर्यंत दिसतो आणि एसडीचा ६ पटीपर्यंत. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटीमीटर. म्हणजे एचडीचा पूर्ण फायदा सव्वाचार फुटांपर्यंत, आणि आठ फुटांच्या पलीकडे एसडी-एचडीतला फरक जवळजवळ मावळतो. मंगळवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत समोरच्या भिंतीला ३२ इंची टीव्ही आणि या भिंतीला दिवाण असला की अंतर आठ-नऊ फूट होतं. "फरक कुठाय" विचारणाऱ्याचं चुकत नाही, त्याचा दिवाण लांब आहे. त्याच खोलीत ४३ इंची लावला तर उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटर होते, फरक साडेदहा फुटांपर्यंत टिकतो, आणि सहा-सात फुटांवर खुर्ची सरकवली की एकदम कळतो.

हेच गणित फोरकेला, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांना लावा. ४३ इंची फोरकेचा जादा बारकावा बघायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागतं. इतक्या जवळ आपण जेवताना बसतो, टीव्ही बघताना नाही. आणि घरात येणारी चॅनेल १०८०आयच आहेत. आता ४३ च्या पुढं दुकानात बहुतेक फोरकेच मिळतात, घ्यायला हरकत नाही. फक्त त्या नावासाठी जादा पैसे मोजू नका, पॅनेलसाठी मोजा. ३२ इंचीत मिळणारे बहुतेक टीव्ही १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे, म्हणजे एचडी रेडी असतात. आठ फुटांवरून तेवढं पुरे.

फरक बघायचाच असेल तर मालिका लावू नका. मालिकेत चेहरा पडदाभर असतो, त्यात एसडीही बरं दिसतं. एचडीत फक्त मेकअपचा थर आणि भिंतीच्या सेटवरचा प्लायवूडचा जोड जादा दिसतो. फुटबॉल लावा. कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. लांबच्या शॉटमध्ये मैदानाचा ६०-७० मीटरचा भाग पडद्यावर येतो आणि चेंडूचा व्यास २२ सेंटीमीटर. एसडीच्या ७२० ठिपक्यांत चेंडूच्या वाट्याला दोन-तीन ठिपके येतात. वेगानं गेला की कॉम्प्रेशन, म्हणजे पाठवण्यासाठी चित्र दाबून लहान करणं, ते गवतात मिसळून टाकतं आणि आपण चेंडू बघत नाही, खेळाडूंच्या माना कुठं वळतात ते बघून अंदाज बांधतो. एचडीत त्याच चेंडूला सहा-सात ठिपके मिळतात, आडवे आणि उभेही. चेंडू गोल दिसतो, फिरताना दिसतो, जर्सीवरचा नंबर वाचता येतो. गवतावर कापणीचे पट्टे असतात हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

उलट एसडी चॅनेल मोठ्या पडद्यावर जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतं, हेही तितकंच खरं. काचेच्या जुन्या टीव्हीचा ठिपका मुळात मऊ होता, २१ इंचात दोष लपत होते. नवा पडदा चार लाख ठिपके ताणून वीस लाखांवर पसरवतो, आणि कॉम्प्रेशनचे चौकोन, अक्षरांभोवतीची माशी बसल्यासारखी कुरकुर, सगळं मोठं होऊन समोर येतं. सेटिंगनं हे जात नाही. फार तर नॉइज रिडक्शन मध्यमवर ठेवा, आणि ते एसडीपुरतंच. एचडीत बंद, नाहीतर चेहरे मेणाचे होतात. जुने ४:३ मापाचे कार्यक्रम ताणून बघू नका. दोन बाजूंना काळे पट्टे राहू देत, एलईडी पडद्याला त्यानं काही होत नाही. पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत म्हणून माणसं आडवी फुगवून बघण्यात काय मजा?

चित्राची सेटिंग करायला दहा मिनिटं लागतात. टीव्ही पहिल्यांदा चालू करताना घर की दुकान असं विचारतो, तिथं घर निवडा. चुकून दुकान दाबलं असेल तर पडदा दिवसभर फुल उजेडात राहतो आणि दर थोड्या वेळानं जाहिरातीची पट्टी येते. पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा डायनॅमिक असेल तर सिनेमा किंवा स्टँडर्डवर आणा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा बसतो आणि आधीचा निळा पांढरा रंग खोटा वाटायला लागतो. शार्पनेस हे एचडीत सगळ्यात फसवं बटण आहे. ते वाढवल्यानं बारकावा वाढत नाही, कडांना पांढरी किनार लागते. स्कोअरच्या आकड्यांकडे बघत शार्पनेस कमी करत या, किनार गेली की थांबा. बहुतेक टीव्हीत हे शून्याच्या जवळपास येतं. ब्राइटनेस आणि बॅकलाइट यांत गल्लत नको: खोली उजेडाची असेल तर बॅकलाइट वाढवायची, ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो.

बऱ्याच टीव्हीत चित्राच्या चारी कडा थोड्या कापून उरलेलं ताणायची जुनी खोड अजून चालू असते. त्यामुळं खालची पट्टी अर्धी दिसते आणि सगळं चित्र किंचित मऊ होतं. एलजीत जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, सोनीत फुल पिक्सेल अशा नावानं ती बंद करता येते. आणि चित्र गुळगुळीत करणारं फीचर, एलजीचं ट्रूमोशन, सोनीचं मोशनफ्लो वगैरे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो आणि लाखोंचा सिनेमा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसायला लागतो. सिनेमाला बंद, क्रिकेट-फुटबॉलला अगदी कमी. जास्त ठेवलं की चेंडूमागं सावलीचा दुसरा चेंडू पळतो.

डिश असणाऱ्यांसाठी कोल्हापूरचा पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. इथून सगळे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला दिसतात. जोतिबाच्या डोंगराकडे पाठ करून उभं राहिलं की तोंड ढोबळमानानं योग्य दिशेला येतं. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे शहरातून होकायंत्रावर सुमारे १५२ अंश आणि क्षितिजापासून ६८ अंश उंच. डीडी फ्री डिश ९३.५ अंशांवर: दिशा १२९, उंची ६०. एअरटेल १०८.२ वर: दिशा ११३, उंची जेमतेम ४७. शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण पूर्वेला शेजारी दोन मजले चढले किंवा नारळ वाढला की आधी हाच उपग्रह झाकला जातो. डिशचा तवा मात्र या उंचीइतका वर बघताना दिसत नाही. घरगुती डिश ऑफसेट असते, तवा सुमारे २४ अंश कमी कललेला असतो. "माझी डिश तर समोरच्या भिंतीकडं बघतीय" ही शंका त्यातूनच येते.

६० सेंटीमीटरची डिश दीड अंश सरकली की निम्मा सिग्नल गेला. दीड अंश म्हणजे तव्याच्या कडेला पाऊण सेंटीमीटर! कपडे वाळत घालायची दोरी डिशच्या खांबाला बांधली, त्यावर ओली चादर टाकली, की एवढं होतंच. उन्हात चित्र तरीही स्वच्छ राहतं, कारण डिजिटलमध्ये हळूहळू खराब होणं नसतं. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र उत्तम, थोडा कमी पडला की चौकोन, आणखी कमी की काळा पडदा. गेलेला निम्मा जोर मृगाच्या पहिल्या सरीत कळतो. म्हणून मे महिन्यातच बॉक्सच्या सिग्नल पानावर बघून ठेवा. तिथं दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून एकूण किती जोर येतोय, त्यात गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी हा खरा आकडा. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर वायर ठीक आहे, डिश हललीय. दोन्ही कमी असतील तर वायर किंवा कनेक्टर बघा. डिश फिरवताना केसभर हलवायची, मग चार-पाच सेकंद थांबायचं, कारण बॉक्सवरचा आकडा उशिरा बदलतो. घाईत फिरवणारा माणूस बरोबर जागा ओलांडून पुढं जातो.

पावसात चित्र गेलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सर ओसरल्यावर दहा मिनिटांत परत आलं, तर तो आकाशातला पाऊस; त्याला इलाज मोठी डिश. ९० सेंटीमीटरची डिश ६० च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, गगनबावडा-राधानगरीकडं ती लावणं शहाणपणाचं. पण पाऊस थांबूनही चित्र येत नसेल आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर येत असेल, तर पाणी कनेक्टरमध्ये शिरलंय. एलएनबीजवळचा (तव्यासमोरच्या दांड्यावरचं डबडं) एफ कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा फिरवून बसवायचा कनेक्टर, उघडला की मधली तांब्याची तार हिरवी दिसेल. तेवढं टोक कापून नवा कनेक्टर, त्यावर रबरासारखी ताणून गुंडाळायची सेल्फ-बाँडिंग टेप, आणि वायरीला एलएनबीच्या खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आत चढणार नाही. प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत वाफ धरते. एलएनबीची प्लास्टिकची टोपी उन्हानं तडकलेली असेल तर एलएनबीच बदला.

जुनी डीडी फ्री डिशची पेटी असणाऱ्यांनी टीव्ही बदलून एचडीची वाट बघू नये. एमपेग-२ या चित्र दाबायच्या जुन्या पद्धतीच्या पेटीवर एचडी लागत नाही, डीडी नॅशनल एचडीसाठी एमपेग-४ पेटी लागते. काही टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, मग डिशची वायर थेट टीव्हीला.

केबलवाल्यांकडं पावसाचा त्रास कमी, स्प्लिटरचा जास्त. एका लाइनीचे दोन फाटे केले की प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो. जिन्यात एक, माळ्यावर एक आणि न वापरता उघडं राहिलेलं तिसरं टोक, असं झालं की काही चॅनेल चालतात आणि काही रात्रीच अडकतात. एचडी बॉक्स पहिल्या फाट्यावर घ्या, रिकामा स्प्लिटर काढून टाका, आणि भिंतीतली वायर जुनी बारीक असेल तर आरजी-६ ही जाड केबल वायर ओढून घ्या.

आवाज गेला अशी तक्रार एचडी लावल्याच्या दिवशीच येते. बॉक्सचा ऑडिओ डॉल्बीवर असतो आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर ते ओळखत नाही. सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टीरिओ करा, आवाज येतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, त्यामुळं संवाद दबतात. ऑडिओमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा न्यूज असा मोड असतो, घरात आजी-आजोबा असतील तर तोच ठेवा.

मोबाइल अ‍ॅपवाल्यांसाठी दोनच गोष्टी. १०८०पीला सलग ५ एमबीपीएस वेग पुरतो, पण पेठेतल्या वाड्याच्या दोन-अडीच फुटी भिंतीपलीकडं वायफाय तेवढा पोचत नाही. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर टाका. आणि स्वस्तातली अँड्रॉइड पेटी घेताना वाइडवाइन एल१ (अ‍ॅपमधल्या चित्राची चोरी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी) आहे का विचारा. एल३ असेल तर पैसे भरून घेतलेली अ‍ॅप एसडीच दाखवतात, नेट कितीही असो. शाहू स्टेडियमवरची मॅच कोणी मोबाइलवरून यूट्यूबला लाइव्ह करत असेल तर तिथं तुमच्या टीव्हीचा इलाज नाही. चाकाच्या खुणेवर जाऊन क्वालिटी ऑटोवरून हातानं ७२० किंवा १०८० करा. तो पर्यायच नसेल तर तिकडून आलेलंच तेवढं आहे.

आणि वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर गडगडायला लागलं की नुसतं बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही. वीज डिशच्या किंवा केबलच्या वायरीतूनही येते आणि एचडीएमआयवाटे टीव्हीत शिरते. आधी बोर्डावरून बटणं बंद, प्लग बाहेर, मग बॉक्समागची गोल वायर फिरवून सोडवा आणि लोखंडी टेबलावर न ठेवता मोकळी सोडा. आकाशात कडकडाट डोक्यावर आला असेल तर वायरीला हात लावू नका, तेव्हा उशीर झालेला असतो.